टाकाखालची पाटी

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी मृणालचा फोन. संग्रहालयाचं दालन ती सांभाळते, त्यामुळे बातमी पक्की: चांदीच्या टाकाखालची पाटी बदलली, आणि नव्या पाटीवरचा मजकूर माझ्या लेखातला आहे. दुकानात ठेवलेल्या प्रतिकृतींची पहिली खेप संपली. दुसरी गणपतीच्या आत येणार. डबीवर नाव छापलंय, 'प्रीतीचा टाक'. नाव माझं नाही. पण मी सुचवलं असतं तर असंच काही सुचवलं असतं.

टाक म्हणजे सुपारीएवढा चांदीचा पत्रा, ठोकून काढलेली बाई, कपाळावर ठिपका, हात जोडलेले. देवघरात कुलदैवताचे असतात तसाच, फक्त वर गळ्यात अडकवायला कडी. गेल्या वर्षी रविवारच्या सदरात मी लिहिलं होतं: 'रणावर निघालेल्या कुणा शिपायाने घरधनिणीची प्रतिमा गळ्यात बांधली असेल. खालच्या कडेवर दातांच्या खुणा आहेत. हुंदका आवरायला माणूस काय काय दातांखाली धरतो.' त्या रविवारी दिवसभर फोन वाजत होता.

पुस्तकाची मुद्रितं आली आहेत. प्रकाशकाने हाच लेख पहिला घेतलाय. सुधाला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "बरं झालं," म्हणाली. लेख तेव्हा वाचला होतास ना, विचारलं. "वाचला होता. तू रडायला लावतोस हल्ली," म्हणाली. हे कौतुक होतं का, ते विचारलं नाही.

२४ ऑगस्ट, रवि.

मृणालचा परत फोन, रविवारच्या गर्दीतून. एक बाई तक्रार करतेय, माझ्याशीच बोलायचं म्हणते. नंबर देऊ का. दे म्हटलं.

पूजा नाव. हिंजवडीत नोकरी. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने तिला ती प्रतिकृती दिली, माझा लेख छापलेल्या डबीतून. ती घालून काल नवऱ्याबरोबर हडपसरला आजीकडे गेली.

"सर, आजीने बघितलं आणि ती एकदम सायलेंट झाली. मग निखिलला विचारलं, 'पहिली कुटं हाय तुजी?' तो म्हणाला कोण पहिली. आजी म्हणाली, 'मेली का?' सर, आमचं लव्ह मॅरेज आहे."

आजीचं म्हणणं, हा सवतीचा टाक आहे. पहिली बायको गेली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचा. तेवढ्यावर थांबलं असतं तर काही वाटलं नसतं. पण आजी म्हणाली की हा नुसता कुठलाही नाही, हा माझ्या आईच्या गळ्यातला आहे.

"कशावरून म्हणतात?"

"ते तुम्ही तिलाच विचारा ना सर. मला ती म्हणते तू गप बस."

मी म्हटलं, असे टाक पुष्कळ असतात, आजींना भास झाला असेल. फार समजुतीने म्हटलं. फोन ठेवल्यावर माझाच आवाज कानात राहिला. चाळीस वर्षं बातमीदारी केली. लोकांनी खोटं बोलताना लावलेला आवाज मला ओळखता येतो.

२६ ऑगस्ट, मंगळ.

हडपसर. मांडवांमुळे रस्ते अर्धे. रिक्षावाल्याने तीनदा विचारलं, नक्की आजच जायचंय का.

सरूबाई. ऐंशीच्या पुढच्या. मुलाच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर सूप, तांदूळ निवडत. मला बसा म्हणाल्या आणि निवडत राहिल्या. माहेर फुरसुंगीचं. पूजा मधे स्टुलावर. प्रतिकृती टेबलावर कागदात गुंडाळून ठेवली होती. घरात कुणी हात लावत नाही म्हणे.

मी विचारलं, "मावशी, ओळखलंत कशावरून?"

"खाली दात हायेत न्हवं? चार. त्ये माजं."

समजलं नाही. मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदराआड मूल धरतात तसा हात केला. तीन वर्षांच्या होईपर्यंत अंगावर पीत होत्या. पिताना आईच्या गळ्यातला टाक तोंडात यायचा. दात येत होते तेव्हा चावून चावून कड वाकवली. आई मारायची. "थोरलीला चावतीस व्हय, म्हनायची. पाया पड म्हनायची. म्या परत चावायची."

थोरली म्हणजे ठकू. वडिलांची पहिली बायको. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वर्षाच्या आत सरूबाईंची आई आली, चौदाची असताना. मांडवातच गळ्यात ठकूचा टाक. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पहिला घास तिच्या नावाने. पोराला ताप आला की आजूबाजूच्या म्हणायच्या, थोरलीला काही कमी केलंस का बघ. आई जात्यावर बसली की टाकाशी बोलायची. काय बोलायची? "सासूच्या चहाड्या. दुसरं काय."

मी लिहून घेत होतो. हात सवयीने चालतो.

मग त्यांनी विचारलं, "शिपायाची गोष्ट तुमास्नी कुनी सांगितली, दादा?"

मी म्हटलं, "संग्रहालयाच्या नोंदीत तसं काहीसं होतं."

त्या बरं म्हणाल्या. पूजाने चहा आणला. चहा प्यायलो. येताना मगरपट्ट्याच्या चौकात रिक्षा अर्धा तास अडकली आणि मला तेवढं एकच वाक्य ऐकू येत होतं. नोंदीत तसं काहीही नव्हतं. मला ते माहीत होतं. बाईच्या दारात बसून, तिचा चहा पिऊन.

२७ ऑग.

गणपती बसले. मोदक. काही लिहिलं नाही.

२९ ऑगस्ट, शुक्र.

माळ्यावरून गेल्या वर्षीच्या वह्या काढल्या. सुधा खाली स्टूल धरून उभी. "काय हरवलंय?" म्हटलं, एक संदर्भ.

सापडली. पान संग्रहालयातल्या त्या दुपारचं. वर माप, मग 'हात जोडलेले', मग 'कडी', मग 'दात??'. आणि त्याखाली माझ्याच अक्षरात: 'गायकवाड म्हणतात सवतीचा असेल.' त्यावर एक आडवी रेघ.

गायकवाड म्हणजे दालनात खुर्चीवर बसणारे रखवालदार. आता सगळं आठवतं. खरं तर विसरलो नव्हतोच. मी काचेशी वाकलो होतो, ते मागून म्हणाले, "सवतीचा असेल साहेब." मी "हो का" म्हणालो. रेघ नंतर मारली, गुरुवारी, घरी. चारला पान जायचं होतं. शिपाई तोपर्यंत डोक्यात तयार होता, निघालाही होता रणावर. सवत आणली तर लेख पहिल्यापासून फिरवावा लागला असता. शिवाय सवत म्हटलं की वाचक नाक मुरडतो, रविवारी सकाळी पोह्यांबरोबर नको वाटतं. असं सगळं मी रेघ मारताना दोन सेकंदांत ठरवलं होतं.

अज्ञानाने चूक झाली असती तर बरं होतं. अज्ञान छापून माफी मागता येते.

वही कपाटात ठेवली. माळ्यावर परत टाकली नाही. कुणाला दाखवलीही नाही.

१ सप्टेंबर, सोम.

संग्रहालय आज बंद, फक्त कार्यालय उघडं; तिथे मृणाल आणि सचिव बर्वे. मृणालने टाकाची फाइल काढली. मूळ नोंदवहीत एक ओळ: चांदीचा टाक, स्त्री आकृती, देणगीतील वस्तू. देणगी एका हौशी संग्राहकाची, त्याने जुन्या बाजारातून जमवलेली. बस.

मग नवीन पाटीचा कागद. त्याखाली आधार म्हणून माझ्या लेखाचं कात्रण जोडलेलं. आणि लेखात मी काय लिहिलंय? 'संग्रहालयातील माहितीनुसार.' म्हणजे पाटी माझ्या खांद्यावर उभी आणि मी पाटीच्या. मृणाल कात्रणाची टाचणी सरळ करत बसली. तिने विश्वास ठेवला होता. लहानपणापासून घरी आमचंच वर्तमानपत्र येतं, असं तिने पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण आणखी कुठे लिहिणार नाही. मी तिथे म्हणालो, "मी 'बांधली असेल' असं लिहिलं होतं. पाटीवर 'बांधली' झालंय." खरं आहे ते. पाटीवर संशय उरलेला नाही. पण म्हणताना मी मृणालकडे बघत होतो, म्हणजे चूक तिची, असं. ती "हो सर, ते माझ्याकडून राहिलं" म्हणाली. आणि मी ते तिच्याकडे राहू दिलं.

बर्वे: "अहो वैद्य, त्या बाईंकडे कागद काय आहे?"

"कागद नाही. दात आहेत."

"कवळी असेल आता."

मी हसलो. हसायला नको होतं.

त्यांचं म्हणणं असं: संस्थेला कागद लागतो. छापील आधार आहे तो तुमचा. तो तुम्हीच मागे घेतलात तर आम्ही बघू. नाहीतर पाटीच्या खाली 'काहींच्या मते' म्हणून एक ओळ घालू. प्रतिकृती सध्या दुकानातच राहतील. गणपतीत गिऱ्हाईक असतं.

३ सप्टें., बुध.

अभिजितशी बोललो. पुरवणीचा संपादक, माझ्या हाताखाली उमेदवारी केलेला, आता मला सर म्हणतो आणि माझे शब्द मोजतो. त्याने लगेच तोडगा काढला. आतल्या पानावर, खाली, दोन ओळी. मी तिथेच बसून लिहिल्या: 'या सदरातील एका लेखात वर्णिलेल्या टाकाबाबत वेगळी माहिती वाचकांनी निदर्शनास आणली आहे. त्रुटी अनवधानाने राहिली.' उत्तम मराठी. कुणाला काही कळणार नाही अशी.

घरी सुधाला दाखवल्या. तिने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"यात तू कुठे आहेस?"

"खुलाशात लेखक नसतो."

"अनवधानाने म्हणजे?"

कपाटातून वही काढून तिच्यासमोर ठेवली, पान उघडून. ती बराच वेळ रेघेकडे बघत होती. मग म्हणाली, "मला रडवलंस त्या लेखाने. मी आईला वाचून दाखवला होता." तिची आई तेव्हा दवाखान्यात होती. मला हे माहीत नव्हतं. ती उठून कुकर लावायला गेली.

५ सप्टेंबर, शुक्र.

गायकवाडांना भेटलो. दालनात गर्दी नव्हती. ते उठून उभे राहिले, मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"तुम्ही मला सांगितलं होतं," म्हटलं.

"सांगितलं होतं. तुम्ही 'हो का' म्हणालात."

"तुम्हाला कसं कळलं होतं?"

"माझ्या आईच्या गळ्यात होता, साहेब. कडी बघितली की कळतं. देवघरातल्याला कडी कशाला?"

साधी गोष्ट. अशा शंभर वस्तूंवर लिहिलं, कडीचा विचार केला नाही.

विचारलं, मग लोक विचारतात तेव्हा काय सांगता? "पाटीवर लिहिलंय ते. पगार पाटीचा आहे." मग: "एखादी म्हातारी आली तर काही सांगत नाही. त्या वाचत नाहीत. बघतात, आणि पदर डोक्यावर घेतात."

रागावलेले नव्हते. रागावले असते तर काही बोलता आलं असतं.

६ सप्टें.

विसर्जन. ढोल पहाटेपर्यंत चालणार. खिडक्या लावून मुद्रितं तपासली. पहिल्या लेखावर आडवी खूण केली आणि पुढे गेलो. चौथ्या लेखात अडकलो. पितळी दिवा, 'सासरी निघालेल्या मुलीला आईने दिलेला'. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. दिव्याला दोन वाती होत्या एवढंच.

९ सप्टेंबर, मंगळ.

सरूबाई संग्रहालयात आल्या. पूजाने रजा काढून गाडीने आणलं. जिना चढताना दोनदा बसल्या. मी आधी जाऊन थांबलो होतो. नको होतो तिथे, पण न जाणं जास्त वाईट.

काचेशी गेल्या आणि खरंच पदर डोक्यावर घेतला. मग टाकाला म्हणाल्या, "ठके, बारीक झालीस गं." पूजा हसली आणि मग रडायला लागली. मृणाल खुर्ची घेऊन आली.

आईच्या गळ्यात असायचा तो काळा दोरा नव्हता. कुणीतरी दाखवायला म्हणून लाल गोंडा लावलाय. "ह्यो कुनी घातला? ती काय नवरी हाय?" मृणालने वहीत लिहून घेतलं.

मग म्हणाल्या, "काय लिवलंय खाली, वाच."

पूजाने माझ्याकडे बघितलं. मी वाचायला हवं होतं. मी वाचलं नाही. मृणालने वाचलं, माझी वाक्यं, एकेक करून. रण. शिपाई. घरधनीण. हुंदका. शांत दालनात स्पष्ट आवाजात. एकही शब्द चुकीचा वापरलेला नव्हता आणि एकही खरा नव्हता. गायकवाड दाराशी उभे राहून बाहेर बघत होते.

सरूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ग्वाड लिवलंय. पर आमचा बा असला न्हवता. त्यानं तिचं नाव बी कंदी घेतलं न्हाई. आईनं घेतलं."

मग जे म्हणाल्या ते पदरचं काही न घालता लिहितो. पक्षात नवमीला, सवाष्ण गेलेल्यांची तिथी असते त्या दिवशी, त्यांच्या घरी ठकूच्या नावाने पान वाढायचे. आई होती तोवर टाकाला कुंकू लागायचं. आई गेली, मग भावाच्या पोराने घर आवरताना मोडीच्या भांड्यांबरोबर टाक देऊन टाकला. तेव्हापासून सरूबाई पानाशी सुपारी ठेवतात. "सुनेला सांगितलंय, पर तिला ठकू कोन म्हाईत न्हाई. माज्या पोरीलाबी न्हाई. म्या गेल्यावर ह्या बाईचं नाव घेनारं कुनी उरत न्हाई. लेकरू न्हाई, फोटू न्हाई. येवढाच पत्रा."

मी विचारलं, टाक परत हवा आहे का? संस्थेशी बोलता येईल.

"नगं. घरात नगं, पोरींच्या गळ्यात तर नगंच. हितं बरी हाय, सावलीत. पर नाव लिवा. आन नवमीला येकदा कुंकू लावू द्या."

नवमी सोमवारी आहे. सोमवारी संग्रहालय बंद. मृणाल म्हणाली, बंद आहे तेच बरं, मी विचारते.

निघताना सरूबाई मला म्हणाल्या, "दादा, तुमी त्या दिशी म्हनलात वहीत तसं व्हतं. हितं वहीत काय न्हाई म्हनते ही पोरगी."

म्हटलं, "नव्हतं, मावशी. मी खोटं बोललो."

"व्हय," म्हणाल्या. "मला वाटलंच." आणि जिना उतरायला माझाच हात धरला.

१० सप्टें., बुध.

सकाळपासून लिहितोय. तीनदा फाडलं. पहिला मसुदा सुंदर झाला होता म्हणून फाडला. दुसऱ्यात मी फार कष्टी होतो; वाचणाऱ्याला माझी दया आली असती.

वस्तूंना अर्थ असतो असं इतकी वर्षं लिहिलं. वस्तूला आधी कुणीतरी असतं. हेही वाक्य छापण्याजोगं झालं. खोडलं.

दुपारी शेवटी साधं लिहिलं. हा टाक सवतीचा आहे. तो जिचा, तिचं नाव ठकू, फुरसुंगी. तो जिने घातला तिच्या मुलीने सांगितलं. दात तिचे आहेत. शिपाई मी रचला. दालनातल्या रखवालदाराने मला लेख लिहिण्याआधी खरं सांगितलं होतं, ते मी टिपून घेतलं आणि खोडलं. पाटीतली चूक माझ्या लेखातून आली, संग्रहालयातल्या कुणाची नाही. मृणालला फोन करून हे शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. ती "थँक यू सर" म्हणाली. आभार मानण्यासारखं काय होतं त्यात. दहा दिवस उशिरा दिलेलं तिचंच होतं.

गायकवाडांना विचारलं, नाव घालू का? "नको. रखवालदार म्हणा. बर्वे साहेबांना कळायचं ते कळेल."

११ सप्टें., गुरुवार

चारच्या आत दिलं. सव्वाचारला अभिजितचा फोन.

"सर, हे 'खोडलं' वगैरे कशाला? चूक झाली एवढं पुरे ना."

"चूक झाली नव्हती."

"लोक मग बाकीच्या लेखांचंही विचारतील."

"विचारतील."

त्याला मीच शिकवलं होतं, दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ सोडायची नाही. मुतारीच्या बातमीलासुद्धा. त्याने मला त्याची आठवण करून दिली नाही. चांगला मुलगा आहे.

"जागा बघतो," म्हणाला. "सदर पुढच्या आठवड्यात थांबवायचं का, ते वर विचारावं लागेल."

संध्याकाळी जुन्या लेखांची यादी घेऊन बसलो. जिथे मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तिथे पेन्सिलने टिंब. पहिल्या पानाच्या तळाशी पोचलो आणि पेन्सिल ठेवली. सुधा म्हणाली, उद्या मी बसते तुझ्याबरोबर. ती तीन तारखेनंतर प्रथमच शेजारी येऊन बसली. प्रकाशकाला पुस्तक थांबवा म्हणून कळवलं. त्याने 'का' एवढंच विचारलंय. अजून उत्तर दिलेलं नाही.

१३ सप्टेंबर, शनि.

अभिजितने रात्रीऐवजी दुपारीच कळवलं: खुलासा उद्या सदराच्याच जागी लागतोय, माझ्या नावासकट. 'खोडलं' ठेवलंय का, विचारलं. "उद्या बघा सर," म्हणाला. शेवटचा हात त्याचा. विचारायचा हक्क मी घालवलाय.

पूजाने प्रतिकृती संग्रहालयाला परत पाठवली. आत चिठ्ठी: आमच्या घरी पहिली कोणी नाही.

मृणालकडून: दुकानातल्या डब्या कालपासून तिने फडताळाच्या मागे ठेवल्यात, वरून हुकूम नसताना. नवीन पाटी तिने लिहून ठेवली आहे, तीन ओळी, त्यात ठकूचं नाव. पण लावायची की नाही ते बर्वे ठरवणार, आणि ते उद्याचा पेपर वाचल्याशिवाय काही बोलणार नाहीत. काचेच्या पेटीची किल्लीही त्यांच्याकडेच. मी त्यांना फोन केला. "अहो वैद्य, वाचू तर द्या. तुमचं वाचायची सवय आहे आम्हाला," म्हणाले. पूर्वी हे ऐकून बरं वाटायचं.

सरूबाई सोमवारी अकराला येणार. खण, कुंकू, आणि पुरणपोळी घरूनच. पूजाने त्यांना सांगितलं, पेटी उघडतील की नाही ते अजून नक्की नाही. त्या म्हणाल्या, न्हाई उघडली तर काचेला लावीन, बाईला काय कळत न्हाई व्हय.

हे गायकवाडांना कळवलं, बंद दिवशी उगाच कुणी आडवं यायला नको म्हणून. सोमवारी ते येणार आहेत, सुट्टी असून. म्हणाले, काच पुसायचं काम माझं आहे साहेब, आणि मी ती मंगळवारीसुद्धा पुसणार नाही.